शिवून टाकलेला धडा

पवनीच्या वाचनालयात त्या दुपारी एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन थांबला. हातात सीईटीचं गणिताचं पुस्तक... आठवड्यापूर्वी मीच परत केलेलं!

"हे तुमी शिवलं? आधी तुमच्याकडेच होतं म्हणतात."

मेले! प्रॉबॅबिलिटीचा अख्खा धडा मी चक्क सुईदोऱ्यानं शिवून टाकला होता. पान उघडलंच नाही, तर भीती कशाची? परत करताना उसवायचं मात्र राहून गेलं.

"मी कायले शिवू?"

"धागा रेशमाचा आहे. अन् गाठ आमच्या जाळ्याची."

"जाळ्याची काहून? आमच्या हातमागावर तुटलेला धागा असाच जोडतात!" बोलून गेले आणि जीभ चावली.

तो हसला – गालातल्या गालात. मला राग यायला हवा होता. आला नाही.

टेकचंद त्याचं नाव. अड्याळकडचा, घरी तलावातली मासेमारी. त्यालाही माझ्यासारखंच एमसीएसाठी नागपूरला जायचं होतं. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली.

"अख्खा धडा कायले सोडता? कठीण तेवढं सोडा. सोपं तर घ्या ना."

"मले त्यातलं काहीच सोपं वाटत नाही."

"मी... शिकवू?"

मी मुकाट्यानं शिवण उसवली.

मग रोज चार वाजता तो यायचा. दुसऱ्याच दिवशी 'तुमी'चं 'तू' झालं. पुस्तकातले चेंडू नि पत्ते बाजूला ठेवून तो मला माशांची गणितं घालायचा. बाहेर ऊन रणरणायचं, पंखा कुरकुरायचा आणि वही सरकवताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची... चुकून, बरं का!

दहा दिवसांत धडा संपत आला. धडा संपला की त्याचं येणंही संपणार! मी त्याच्या प्रेमात पडले होते आणि भेटायला कारणच उरत नव्हतं. मग मी मुद्दाम चुकायला लागले.

"जाळ्यात पाच रोहू, तीन कतले. डोळे मिटून एक काढला. रोहू निघाची शक्यता?"

"तीन भागिले आठ."

त्याची पेन्सिल थांबली.

"रंजिता, हे तुले सोमवारी येत होतं."

"विसरली मी."

"तीन दिवसांपासून पाहून राहिलो. कठीण बरोबर करते अन् सोपीच चुकते तू."

माझे कान तापले. मान काही वर होईना.

"परीक्षा आठ दिवसांवर आहे. तू मागं राहिली, तर नागपूरले मी एकटा काय करू?" तो वहीकडेच बघत होता. "उत्तर बरोबर आलं, तरी... मी तुह्याजवळून उठत नाही. कधीच नाही."

मला हसूही आलं आणि रडूही.

"दोन काढले," त्यानं पेन्सिल माझ्या हातात दिली, "दोन्ही रोहू?"

"पाच भागिले चौदा," मी एका दमात सांगितलं.

उत्तर बरोबर होतं. तो उठला नाही.