हौदातली मादी

"मैथिली, हौद रिकामा आहे. मादी गेली."

सोमवारी सकाळी भास्करकाकांचा फोन आला तेव्हा मैथिली दात घासत होती. तशीच ती ट्रॅमकडे पळाली.

२००४चा नोव्हेंबर. कार्ल्सरूहेजवळच्या ओढ्यातून कधीकाळी नाहीसा झालेला सॅमन परत यावा, म्हणून एक संस्था वर्षानुवर्षं पिल्लं सोडत होती. यंदा त्यातली एकच मादी समुद्रातून ऱ्हाइन चढून अंडी घालायला परतली. तिला पकडून ओढ्याकाठच्या हौदात ठेवलं होतं. उद्या ती अंडी काढून उबवायची होती. मैथिलीची पीएचडी त्या अंड्यांवर होती, आणि खरं सांगायचं तर जीवही.

हौदाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे. एक मैथिलीकडे, एक दर शनिवारी हौद धुणाऱ्या, संस्थेच्या जुन्या सभासद भास्करकाकांकडे आणि एक शेजारच्या म्हाताऱ्या बेंडरकडे. गळ टाकून मासे धरायला बंदी आली म्हणून भांडण करून तो संस्थेतून बाहेर पडला होता.

"बेंडरच," काका म्हणाले. "केव्हाचा खार खाऊन आहे."

बेंडरच्या कुंपणाशी त्यांनी तिला एक पिशवी दाखवली. आत आतडी, स्वच्छ काढलेले कल्ले, आणि पाठीवरचा पर. पराला मैथिलीनंच लावलेला निळा टॅग. तिला रडू फुटलं. डोकं नव्हतं. अंडीही नव्हती.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती जर्मनीत आली तेव्हा फ्रँकफर्टच्या विमानतळावर न्यायला तेच आले होते, अन्मेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, रांगेतही तेच शेजारी उभे होते. कालच ती त्यांच्याकडे जेवली होती. कुंदाकाकूंनी गाबोळीची भजी वाढली होती, काकांनी फ्रँकफर्टहून आणलेल्या गाबोळीची. दाणे दाताखाली टचटच फुटत होते. उरलेली भजी डब्यात बांधूनही दिली होती.

"संस्थेचे अध्यक्ष दुपारी पोलिसांत तक्रार देणार," काका म्हणाले. "मी साक्ष देतोय."

मैथिली आधी बेंडरच्या दारात गेली.

"मासा तुम्ही नेलात?"

"नाही."

"किल्ली?"

"आहे. कुणी मागितलीच नाही."

"शनिवारी, रविवारी काही ऐकलंत?"

"उलट. हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज मला सारखा येतो. शनिवारी सकाळी तो बंद होता. दुपारी परत सुरू झाला."

"मासा साफ करताना तुम्ही डोकं ठेवता? अंडी?"

"डोकं? अंडी? छे, आयुष्यभर ती मांजरांना घालत आलोय मी."

मैथिली घरी आली. फ्रीजमधून डबा काढला आणि एक भजं बोटांनी फोडलं. आत वाटाण्याएवढे नारिंगी दाणे होते. सॅमनची अंडी. बाहेरून आणलेली अशीच अंडी ती रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. काल भज्यातली बघितलीच नव्हती.

डबा घेऊन ती काकांकडे गेली. तो टेबलावर उघडा ठेवला.

"चोराला डोकं हवं होतं, पण कल्ले काढून. म्हणजे आमटीसाठी. अंडीही हवी होती. बेंडर दोन्ही मांजरांना घालतो. आपण नाही. शनिवारी हौद धुताना तुम्ही पाणी बंद केलंत आणि विसरलात. मादी गुदमरली. बरोबर?"

काका खाली बसले. "घरून फोन आला, बोलत बसलो. परत आलो तर... मालवणचा माणूस मी, मैथिली. एवढा मासा टाकवेना."

"तेव्हाच मला फोन केला असतात तर अंडी वाचली असती. नुकत्याच मेलेल्या मादीचीही वाचतात."

"इतक्या वर्षांची अब्रू गं."

"म्हणून पिशवी बेंडरच्या कुंपणाशी."

दारात कुंदाकाकू उभ्या होत्या. "अहो, मला तुम्ही फ्रँकफर्ट म्हणालात."

काका मैथिलीकडे बघत हळूच म्हणाले, "तूही खाल्लीस. मागून घेतलीस."

मासा गेल्याचं दुःख सकाळीच झालं होतं. आता तिच्या बाबतीत जे झालं होतं त्याला फसवणूक हाच शब्द होता. आपण मिटक्या मारत होतो आणि हा माणूस समोर बसून ते बघत होता.

तिनं तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. "बेंडरचा काही संबंध नाही. मादी भास्करकाकांनी नेली." मग थांबून म्हणाली, "खाल्ली मीही."

काकूंचा डबा तिनं आजवर कधी रिकामा परत केला नव्हता. आजही केला नाही. भज्यांसकट टेबलावर ठेवून ती निघाली.