कोणी न मागितलेला वन्स मोअर

पावसाची सर आली म्हणून स्पीकरवरची ताडपत्री नीट करायला धावले, तर ताडपत्रीखाली आधीच कोणीतरी बसलं होतं.

"बाहेर ये," मी म्हणाले. "हे स्पीकर माझ्या मामाने स्वतः बनवलेत. ते भिजले तर तो आधी तुला मारेल, मग मला."

"मग तूच आत ये ना. दोघंही वाचू."

किशिवादा बंदराच्या धक्क्यावरचा आमचा रेगे गाण्यांचा छोटासा कार्यक्रम त्या सरीने उधळला, आणि मी एका अनोळखी मुलाच्या खांद्याला खांदा लावून बसले. त्याच्या अंगाला लोखंडाचा आणि ओल्या कपड्यांचा वास येत होता. नाव रेन्या. इमारतींना परांच्या बांधायचं काम करायचा. ओठांतल्या ओठांत तो काहीतरी पुटपुटत होता.

"काय म्हणतोयस?"

"काही नाही."

"या 'काही नाही'ला चाल बरी आहे."

तो हसला. मग... अगदी हळू... त्याने म्हणून दाखवलं —

पडलास? पड खुशाल,
जमिनीशी ओळख होईल.
उठशील तेव्हा हात वर कर,
आम्ही इथेच आहोत.

शब्द साधेच. पण रेगेचा ठेका जरा मागून येतो, पाऊल टाकल्यावर जमीन क्षणभर थांबून पायाखाली यावी तसा. दिवसभर राबलेली माणसं आमच्याकडे त्या ठेक्यासाठीच येतात. कोणी त्यांना उपदेश करत नाही. उद्याचा दिवस आहे एवढंच गाण्यात असतं, आणि ते ऐकता ऐकता कंबर आपोआप हलायला लागते. त्या दिवशी माझीही हलली, बसल्या जागी.

"गायक आहेस?" मी विचारलं.

"होतो."

मग तो आमच्या वर्कशॉपमध्ये यायला लागला. तोराओमामा सुतार. दिवसा कपाटं करतो, उरलेल्या वेळात स्पीकरच्या पेट्या. कार्यक्रमांत तबकड्या मी वाजवते. मामा तासत असायचा, मी नुसत्या ठेक्याची तबकडी लावायचे, आणि रेन्या भुश्यात उभा राहून गायचा. सुंदर गायचा. फक्त दुसऱ्या कडव्यावर कधीकधी त्याचा चेहरा कोरा व्हायचा. गेल्या वर्षी नाम्बातल्या एका क्लबमध्ये तो असाच अडकला होता आणि माइक खाली ठेवून पळून गेला होता.

"सहाव्या मजल्यावर फळीवरून चालतोस, आणि इथं पाय लटपटतात?" मी चिडवायचे.

"तिथे माझ्याकडे कोणी बघत नाही."

"मी बघते की."

"म्हणून तर जास्त लटपटतात."

...असं काही बोलून तो जवाचा गार चहा एका घोटात संपवायचा, आणि मला उरलेली दुपार काही सुचायचं नाही.

आम्हा रेगेवाल्यांत एक रीत आहे. गाणं जमलं की लोक ते संपूच देत नाहीत. शिट्ट्या मारतात, ओरडतात, आणि वाजवणाऱ्याने तबकडी तिथल्या तिथे थांबवून, मागे फिरवून, गाणं पहिल्यापासून लावायचं. असा अर्ध्यातला वन्स मोअर म्हणजे गायकाचा मान. पण तो लोकांनीच मागायचा. न मागता दिला, तर वाजवणाऱ्याची छी थू होते. मामाने मला बजावूनच ठेवलं होतं, "असं केलंस, तर तबकड्यांवरून उठायचं. भाची असलीस तरी."

ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाळ्यात, सेन्नानच्या किनाऱ्यावर मोठा कार्यक्रम होता. मामाचेच स्पीकर, आणि मोठ्या गर्दीसमोर वाजवायची माझी पहिलीच वेळ. ऊन कलत होतं. प्रत्येकाच्या गळ्यात टॉवेल. गाणं चढलं की सगळा किनारा टॉवेल गरागरा फिरवायचा. आधीच्या गायकाने तर वादळच उठवलं होतं. रेन्या माझ्या शेजारी उभा होता, पांढराफटक.

"कानाए, हाताला घाम सुटलाय."

"गळ्यात टॉवेल कशाला आहे मग?"

"आज अडकलो ना, तर पुन्हा माइकला हात लावणार नाही. वर्कशॉपलाही येणार नाही. कुठल्या तोंडाने येऊ?"

"मामाला हायसं वाटेल," मी म्हणाले. आणि पुसलेलीच तबकडी पुन्हा पुसली.

पहिलं कडवं तो छान गायला. एकेक टॉवेल वर जायला लागला. मग दुसऱ्या कडव्याआधी त्याने श्वास घेतला — आणि तो श्वास तसाच राहिला. चेहरा कोरा. ठेका नुसताच वाजत राहिला. आणखी क्षणभराने सगळ्यांना कळलं असतं. मामा समोरच हाताची घडी घालून उभा होता.

मी तबकडीवर हात ठेवला आणि ती मागे फिरवली.

एकदम शांत झालं. इतकं, की लाटा ऐकू आल्या.

"कोणी मागितलं होतं?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. "स्वतःच मागते, स्वतःच देते!" टॉवेल खाली आले. मामाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. कान नुसते जळत होते.

तेवढ्यात माइकमधून आवाज आला, "मी मागितलं."

रेन्याने माइक दोन्ही हातांनी धरला होता.

"दुसरं कडवं विसरलो. गेल्या वर्षीही विसरलो होतो, तेव्हा पळून गेलो. आज पळायच्या आत हिने गाणं थांबवलं. हसायचं असेल तर मला हसा. तिला नको."

कोणी हसलं नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग पुढच्या रांगेतल्या उन्हाच्या टोपीवाल्या एक मावशी म्हणाल्या, "अरे, मग म्हण की आता. आम्हाला कुठं गाडी पकडायचीय?"

मी पुन्हा सुई टेकवली. दुसरं कडवं जवळ आलं. या वेळी चुकला असता तर मी काहीच करू शकणार नव्हते. रेन्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तसाच, माझ्याकडे बघत, गात सुटला.

सगळा किनारा टॉवेलांनी भरून गेला. शिट्ट्या झाल्या, पाय आपटले गेले. मी आधी मामाकडे बघितलं. त्याने न हसता मान हलवली, तेव्हाच तबकडी मागे फिरवली.

कार्यक्रम आटोपल्यावर मामा आला.

"पहिला वन्स मोअर कोणी मागितला नव्हता."

"हो, मामा."

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वायरी गुंडाळायच्या. तबकड्यांना हात लावायचा नाही."

तो निघून गेला, आणि मी वाळूत बसून वायर गुंडाळायला लागले. डोळे भरून येत होते. रेन्या येऊन समोर उभा राहिला.

"माझ्यामुळे गेलं तुझं."

"गेलं खरं."

"माहीत होतं ना तुला? मग का केलंस?"

थट्टेवारी नेता आलं असतं. पण दिवसभराच्या ताणाने मी थकले होते.

"तू आला नसतास परत," मी म्हणाले. "आणि मला तू यायला हवा आहेस. रोज. गाणं असो नसो."

माझे हात वायरीवर तसेच थांबले.

"मी तुझ्यासाठीच येत होतो, कानाए," तो म्हणाला. "गाणं म्हणजे... दारातून आत यायला काहीतरी हवं होतं."

वायर लांबलचक होती. तिचं दुसरं टोक त्याने वाळूतून उचललं आणि तिकडून गुंडाळायला सुरुवात केली. आम्ही एकमेकांकडे सरकत राहिलो.