खिडकीतले पाच मुखवटे

जिन्याच्या वळणावर दोन खुर्च्या एकमेकींना अडल्या, आणि खुर्च्यांमागची दोन माणसंही.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"तुमची खुर्ची मोठी आहे... तुम्हीच."

"माझी नुसतीच मोठी. तुमच्या खुर्चीला हात आहेत, मान तिचा."

ती हसली. शहराच्या नाट्य-संगीत आणि चित्र-शिल्प अशा दोन सल्लागार समित्या आजपासून एक होणार होत्या, आणि तिसऱ्या मजल्यावर खुर्च्या कमी पडत होत्या. दोन्ही समित्यांच्या बैठकांच्या नोंदवह्या लिहिणारी कारकून ती. त्याला हे कुठून माहीत असणार?

"मी मुखवटे करतो," तो सांगू लागला. "चित्र-शिल्पचा सभासद. बैठकीला एकटाच उगवायचो. तासभर वाट बघायची, टेबलावर अर्ज ठेवायचा, वर मातीचा एक मुखवटा... कागद उडू नये म्हणून." त्यानं खिशातून एक काढला. अंगठ्याएवढा, लाजरा. "हा सहावा."

तिच्या हातातली खुर्ची एकदम जड झाली.

पहिले पाच तिच्या खिडकीत ओळीनं बसले होते. पहिला हसरा, दुसरा वाटेकडे डोळे लावलेला, तिसरा गाल फुगवलेला, चौथा जांभई देणारा, पाचवा चक्क झोपलेला. शिपाईकाका ते वरून आणून द्यायचे, सोबत कागदही. मुखवटे तिनं हौसेनं मांडले, कागद न वाचताच खणात टाकले. मुखवटे यायच्या आधी दोनदा वर कुणीच आलं नव्हतं, म्हणून तिनं जिने चढणंच सोडलं होतं. खाली बसूनच लिहायची : ‘कोणीही उपस्थित नाही. बैठक रद्द.’

"वहीवाल्या बाई कधी भेटल्या नाहीत," तो म्हणाला. "पण विषय टिपला असेलच. आगीच्या बंबाच्या जुन्या शेडमध्ये कारागिरांना जागा द्या, एवढंच. जागामालकानं मला महिनाअखेर माझा भाड्याचा कारखाना सोडायला सांगितलाय. आता सगळी भिस्त त्यांच्यावर."

"चांगल्या असतील... त्या?"

"पाच मुखवटे नेलेत माझे. रसिक तर नक्कीच!"

धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं. खुर्ची तिथंच टाकून ती खाली पळाली आणि खणातले अर्ज वहीखाली लपवून वर आली.

"जुन्या वह्यांत नोंदलेलेच विषय पुढे जातील," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या गाणं शिकवायच्या. आवाज अजून खणखणीत. "चित्र-शिल्पचं काय?"

शेवटच्या नोंदीखाली चार बोटं जागा कोरी होती. शाई तीच, अक्षर तेच... एक ओळ घुसडली तर कुणाला कळणार? तिनं पेन उघडलं. वहीवाल्या बाई म्हणजे तीच, हे आता कळलेला तो समोरून किती भरवशानं बघत होता! पेन मिटलं.

ती उभी राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "बाई, ही वही खोटी आहे. हे पाचही वेळा आले होते. मीच वर आले नाही." तिनं अर्ज टेबलावर ठेवले.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. खिडकीतल्या पाचांपैकी कुणाचाच चेहरा असा नव्हता.

"नोंद नाही तर विषय नाही," कुणीतरी म्हणालं.

"आहे," ती म्हणाली. "नाट्य-संगीतनं तीच शेड तालमींसाठी मागितलीय. त्याची नोंद आहे. दोन्ही वह्या माझ्याकडेच... आणि मी त्या कधी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तालमी संध्याकाळी. मग सकाळी तिथं काय उंदीर नाचणार? सकाळी कारागीर, अशी शिफारस जाऊ दे. आणि पोरी, हे सगळं वहीत लिही. तुझ्या चुकीसकट."

तिनं लिहिलं.

सगळे गेले तरी तो खुर्च्या उचलत राहिला.

"रागवा ना," ती म्हणाली.

"रागावलोच आहे. पाच तास बसलोय मी इथं."

"मुखवटे परत देते."

"बघायचात तरी का त्यांच्याकडे?"

"रोज. झोपलेल्याला तर... सकाळी उठवायचे मी."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं तो दाबला. जाता जाता सहावा मुखवटा टेबलावर ठेवला. या खेपेला खाली कागद नव्हता.

"पुढच्या महिन्यातली बैठक, चार वाजता," तो म्हणाला. "नाही आलात, तर सातवा रडका करीन."

पुढच्या महिन्यात बैठकीच्या दिवशी चार वाजता त्यानं दार उघडलं, तेव्हा टेबलावर सहा मुखवटे होते आणि त्यांच्यामागे ती.

"कधीपासून बसलाय?"

"तास झाला." तिची मान खालीच होती. "अजून चार उरलेत... तुमच्या वाट बघण्यातले."

त्यानं खुर्ची ओढली, अगदी तिच्या खुर्चीला खेटून.

"ते चार," तो म्हणाला, "दोघं मिळून बसू."