सातव्याचा ठोका

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्याला वाटतं त्याने खुशाल पांघरूण घेऊन झोपावं. ही गोष्ट भर दुपारी तीनची आहे. आणि ज्याच्यावर ती बेतली तो माणूस भुताखेतांना भिणारा नव्हताच मुळी. तो आयुष्यभर एकाच गोष्टीला भ्याला, ती म्हणजे चारचौघांत ‘माझं चुकलं’ म्हणायला.

त्याला सगळे कानमिस्त्री म्हणायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की झालं. कुठली बेअरिंग गेली, कुठला व्हॉल्व्ह वाजतोय, सगळं सांगून मोकळा. रविवारी सकाळी त्याच्या गॅरेजात गाडीवेड्यांचा अड्डा भरायचा. सहा सिलिंडर भारी की आठ, पेट्रोल गोड की डिझेल दणकट, यावर चहाचे कपच्या कप रिकामे व्हायचे. महागड्या गाड्यांच्या सीटचं कातडं कुणी कौतुकाने सांगू लागला की मिस्त्री म्हणायचा, “सोफा बघायचा असेल तर फर्निचरच्या दुकानात जा. इथे बॉनेट उघडतात.” आणि विजेच्या गाडीचा विषय निघाला की विचारूच नका! “ती गाडी? अहो, चार चाकांचा मोबाईल तो! आमच्या घरचा मिक्सर तिच्यापेक्षा जास्त ओरडतो. सुरू झाली की बंद पडली हे कळायला खाली वाकून टायर बघायचा का?”

नेमकी तसलीच गाडी त्याच्या जावयाने घेतली. पोरगी आणि जावई शेजारच्याच घरात राहायचे, त्यामुळे ती रोज संध्याकाळी मिस्त्रीच्याच शेडमध्ये चार्जिंगला लागायची. मिस्त्री तिच्याकडे सवतीसारखा बघायचा.

त्या दुपारच्या आदल्या संध्याकाळी त्याने आपल्या जुन्या डिझेल गाडीचं इंजिन खाली उतरवलं होतं. काही बिघडलं नव्हतं, आपली हौस. कॉम्प्रेसर लावायला प्लग हवा होता, म्हणून त्याने जावयाच्या गाडीचा उपटला. “किती ढोसशील बाई?” असं तिला वर म्हणालासुद्धा. मग काम संपलं, हात धुतले, जेवला, झोपला. प्लग पुन्हा लावायचा राहून गेला.

सकाळी पोरीला अचानक रक्तस्राव सुरू झाला. आठवा महिना. ॲम्ब्युलन्स आली, जावई तिच्यासोबत बसून घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात गेला. आणि दुपारी दीडला त्याचा फोन आला.

“बाबा, रक्त हवंय. तिचा ग्रुप इथे कुणाकडेच नाही. दोन पिशव्या होत्या, त्या संपत आल्या... तुमचाच जुळतो. डॉक्टर म्हणतात, पाचच्या आत या. माझी गाडी आहे ना तिथे? पूर्ण चार्ज असेल.”

पूर्ण चार्ज! मिस्त्रीने शेडमध्ये जाऊन गाडी चालू केली. एकतीस टक्के. त्याची स्वतःची गाडी इंजिन काढून बाजूला उभी. शेजारपाजारच्या गाड्या सकाळीच बाहेर गेलेल्या, टॅक्सीवाला म्हणाला दोन तास लागतील. नव्वद किलोमीटर, मध्ये घाट. त्याने स्वतःच्या कानशिलात मारून घ्यायची तेवढी बाकी ठेवली आणि निघाला.

घाटाने ती गाडी अक्षरशः प्यायली. एसी बंद, काचा खाली, पाय ॲक्सिलरेटरवर हलका, तरी आकडा उतरतोच आहे. चोवीस. सतरा. अकरा. आयुष्यभर त्याने गाड्यांचं ऐकलं होतं, आणि ही बया काही बोलायलाच तयार नाही. इंजिन असतं तर धापा टाकली असती, कण्हली असती, त्याला कळलं असतं तिच्यात किती दम उरलाय. इथे नुसता आकडा. “चल गं माझी बाय, चल,” तो म्हणत होता. ज्या गाडीला त्याने वर्षभर शिव्या घातल्या तिच्या तो अक्षरशः पाया पडत होता.

घाटमाथ्यावरच्या मोठ्या वळणाशी त्याने नजर उजवीकडे वळू दिली नाही. तिथला कठडा दोन वर्षांपूर्वी तुटला होता आणि नवीन बांधलेला तुकडा अजून वेगळ्या रंगाचा दिसायचा. ते वळण तो टाळायचाच. आज इलाज नव्हता.

वळणाच्या जरा पुढे एक हॉटेल होतं, हंगाम नसल्याने अर्धंमुर्धं बंद. गाडीच्या पडद्यावर दिसलं, तळघरात चार्जर, दोनपैकी एक मोकळा. तेव्हा आकडा होता सहा. वाजले होते पावणेतीन.

तळघराच्या उतारावरून गाडी खाली गेली आणि दुपार वरच राहिली. आत दमट सिमेंटचा वास. दिवे असे की माणूस हलला की लागायचे आणि थोड्या वेळाने आपोआप विझायचे. मिस्त्रीने घाईघाईने वायर ओढली, गाडीला लावली. हिरवा ठिपका लागला. पडद्यावर अक्षरं आली : उरलेला वेळ चार तास वीस मिनिटं.

चार तास! तो खालीच बसला, गाडीच्या चाकाला टेकून. जावयाला फोन लावला तर तळघरात रेंज नाही. वर धावत गेला, काउंटरवर कुणी नाही, रस्त्यावर गाडी नाही. पुन्हा खाली आला. सात टक्के. “माझ्या हाताने उपटला मी प्लग,” तो मोठ्याने म्हणाला. “माझ्या हाताने मारतोय मी पोरीला.” आणि तो रडला. साठीचा माणूस, गाडीच्या दाराला कपाळ लावून हमसून हमसून रडला.

रडताना तो हलला नाही, म्हणून डोक्यावरचा दिवा विझला.

आणि तळघराच्या पार दुसऱ्या टोकाचा लागला.

तिथे कुणीतरी हललं होतं.

दिव्याखाली दुसरा चार्जर होता आणि त्याच्यापुढे एक लांबलचक काळी गाडी. मिस्त्रीला जवळ जायची गरज नव्हती. ती आठ सिलिंडरची होती, पेट्रोलची. चार्जरपुढे तिचं काय काम? तिचं बॉनेट उघडं होतं आणि बॉनेटपाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. काळा कोट, हातात गाडी चालवायचे कातडी मोजे.

“या मिस्त्री,” तो म्हणाला. “उशीर केलात.”

आवाज रविवारच्या अड्ड्यावरच्या वकीलसाहेबांचा होता. आणि वकीलसाहेब दोन वर्षांपूर्वी त्या वळणावरून खाली गेले होते.

 पळून जावं असं मिस्त्रीला वाटलं, पण पळणार कुठे? पळण्यासाठीसुद्धा गाडीच लागणार होती. तो चालत गेला. एकेक दिवा त्याच्या डोक्यावर लागत गेला आणि मागचे विझत गेले.

“साहेब... मी...”

“मुद्द्याचं बोला,” वकीलसाहेब म्हणाले. जिवंतपणीही ते असंच म्हणायचे. त्यांनी वळून पाहिलं नाही. “तुमचा स्क्रूड्रायव्हर आहे ना खिशात? ऐका.”

इंजिन चालू होतं. मिस्त्रीला ते आत्ता कळलं. धूर नाही, थरथर नाही, पण चालू होतं. त्याने टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि सातव्याला, टक.

त्याला तो रविवार जसाच्या तसा दिसला. वकीलसाहेब ही गाडी घ्यायच्या आधी त्याला दाखवायला आले होते. अड्ड्यावरच्या दातांच्या डॉक्टरने आपलं तपासणीचं मशीन लावून सांगितलं होतं, सातव्या सिलिंडरमध्ये दोष आहे. मिस्त्री खदाखदा हसला होता. “मशीनला काय कळतंय! गाढवाला गुळाची चव काय? लोणी आहे, साहेब, अगदी लोणी!” आधी बोलून बसला आणि मग त्याने कान लावला. तेव्हा त्याला ते ऐकू आलं होतं. सुतासारखं बारीक, पण होतं. दहा माणसं बघत होती. डॉक्टर गालात हसत होता. मिस्त्रीने मूठ कानावरून काढली आणि पुन्हा म्हणाला, लोणी.

तिसऱ्या आठवड्यात घाटात इंजिन जागच्या जागी जाम झालं. स्टिअरिंग जड, ब्रेक जड, समोर वळण. लोक म्हणाले, वेग नडला. मिस्त्रीही तेच म्हणाला.

“ऐकू आलं?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“आलं.”

“आणि तेव्हा?”

मिस्त्रीने मूठ कानावरून काढली नाही. “तेव्हाही आलं होतं, साहेब. मी खोटं बोललो. माझी शान जाईल म्हणून... माझं चुकलं.”



“गाडी गेली, मीही गेलो,” वकीलसाहेब हळूच म्हणाले. “हा ठोका तेवढा मागे राहिलाय. दोन वर्षं कानात वाजतोय. मला कुठेतरी ठेवायचाय हो... जागा द्याल?”

“माझी पोरगी तिकडे मरतेय, साहेब! मला आठ टक्क्यांत काही...”

“मुद्द्याचं बोला. जागा द्याल?”

“देतो! कुठेही ठेवा! मला फक्त पाचच्या आत पोचू द्या!”

टक. ठोका स्क्रूड्रायव्हरमधून थेट कानात आला, कानातून खाली छातीत उतरला. त्याच क्षणी मागे, अंधारात, जावयाच्या गाडीने बारीकसा आवाज दिला. मिस्त्रीने मान वळवली. पडद्यावर नऊ. टक. दहा. टक. अकरा. ज्या वेगाने घाटात उतरला होता त्याच्या दसपट वेगाने आकडा चढत होता. चाळीस झाल्यावर त्याने धाव घेतली, वायर ओढून काढली. वळून बघायचा त्याला धीर झाला नाही. तिकडचा दिवा मात्र विझलेला होता.

पाचाला दहा कमी असताना तो हॉस्पिटलात पोचला. तपासण्या झाल्या, हातात सुई गेली, पिशवी भरली, नर्स ती घेऊन धावली. साडेसातला डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दोघीही सुखरूप. मुलगी झाली. जावयाने मिस्त्रीला मिठी मारली. “बाबा, तुमच्या रक्ताने वाचली ती! दोघी वाचल्या!” मिस्त्रीला हसू आणि रडू एकदमच आलं. सुटलो, त्याला वाटलं. एकदा खरं बोललो आणि सुटलो. रक्त दिल्यापासून छातीतला तो ठोकाही गेला होता. त्याने हात ठेवून पाहिलं. खरंच गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळांच्या डॉक्टरने नातीच्या छातीला नळी लावून ऐकलं, मशीनवरची रेघ पाहिली आणि मिस्त्रीकडे बघून हसला.

“आजोबा, काळजी नको. लोणी आहे, अगदी लोणी.”

 मिस्त्रीने नातीला उचललं आणि तिच्या एवढ्याशा छातीला कान लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

“डॉक्टर,” तो म्हणाला. या वेळी तो क्षणभरही थांबला नाही. “डॉक्टर, सातव्याला... पुन्हा ऐका. पाया पडतो, पुन्हा ऐका!”

डॉक्टरने पुन्हा ऐकलं. मशीन पुन्हा लावलं. दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. रेघ सरळसोट, सुंदर. पोरगी पलंगावरून म्हणाली, “बाबा, असं काय अभद्र बोलता?” जावयाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही दमलात, बाबा. एवढं मशीन खोटं कसं बोलेल?”

सगळे बाहेर गेल्यावर त्याने नातीला पुन्हा जवळ घेतलं. तान्ह्या बाळाच्या टाळूला दुधाचा वास येतो म्हणतात. त्याला जळक्या ऑइलचा आला. त्याने तिच्या छातीला कान लावला आणि मोजायला लागला, आणि तो अजून मोजतोच आहे.