भिंतीवर मावेल तेवढं

रंगाचं काम घेतलं की आधी दाराजवळचा वीतभर तुकडा घासून बघायचा, ही त्या बहीण-भावाची पद्धत. दादा मोठा, हसरा, पालीला भिणारा. धाकटी बहीण तोंडाची एवढी फटकळ, की तो तिला मिरचीच म्हणायचा.

त्या दिवशी दोघं एका निवृत्त प्राध्यापकाकडे गेले. अभ्यासिकेत एक खिडकी, एक स्टूल, आणि चारी भिंतींवर मुंगीच्या पायाएवढ्या बारीक रेघा.

"बाकीचं घर रंगवा. या खोलीला हात लावायचा नाही," म्हातारा म्हणाला. "खोलीत जे जे आहे, ते सगळं तिच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. आतली पोकळी आपल्याला नुसती भासते."

"एवढं सगळं तुम्ही लिहिलंत?" मिरचीनं विचारलं.

"मी फक्त वाचतो."

दादानं तिला डोळा मारला. म्हातारा पाणी आणायला गेला तोच त्यानं सवयीनं दाराजवळ पॉलिशपेपर फिरवला.

स्टूल पडलं नाही, सरकलं नाही. नाहीसं झालं.

"अगं बाई! दादा, हात मागे घे."

"थांब गं, खिडकी जाते का बघू!" म्हणत त्यानं पुन्हा घासलं.

पॉलिशपेपर खाली पडला. धरणारा नव्हता.

पाणी घेऊन आलेला म्हातारा दारातच थबकला. "गेलेलं परत येत नाही. तसा नियमच आहे."

"नियम घाला चुलीत! माझा भाऊ आहे तो, तुमचं स्टूल नाही!"

कानामागची पेन्सिल काढून ती घासलेल्या जागेवर लिहीत सुटली. हनुवटीवरचा व्रण. झोपेत दात खाणं. पाल दिसली की खुर्चीवर चढणं. वडील गेले तेव्हा हिला आधी जेवायला घालणं. म्हातारा "नको, नको" म्हणत होता. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

जागा संपली.

"मिरचे, भूक लागली," मागून आवाज आला.

तिनं त्याला कवटाळलं, पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा कवटाळलं. "बघा! आला की नाही?"

म्हातारा भिंतीशी वाकला होता. "हे सगळं तुमच्या अक्षरात आहे."

"मग? भाऊ कोणाचा आहे?"

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. आवाज दबका.

"काय झालं वहिनी?"

"वन्सं, हे असं काय करतायत? जेवले, हसले, पोरीला खेळवलं. पण मला मघापासून 'वहिनी, वहिनी' म्हणतायत."

"चेष्टा करत असेल."

"मलाही तसंच वाटलं. पण आता पाहुण्यासारखे बूट घालून बाहेर बसून राहिलेत. तुम्ही आल्यावर विचारता ना, तसं पुन्हा पुन्हा विचारतायत, दादा कधी येणार?"