डबीतलं उत्तर

"बाळा, ही बाई तुझ्या टाचेला टोचणार. रडायचं तू, आणि बोलणी खायची मी. तुझी आई मात्र घरी मस्त झोपलीय!"

दवाखान्याच्या रांगेतली ही कुरकुर नर्स निकेच्या अगदी कानाशी झाली. तिनं वर पाहिलं. बहिणीचं तान्हं छातीशी धरलेला एक उंच तरुण... अंगाला ताज्या पावाचा वास.

"असं धरतात बाळ? पिठाचा गोळा आहे का तो?"

"गोळा असता तर नीट धरला असता. बेकरी आहे माझी. माझं नाव देले."

निके हसू दाबत कामाला लागली. बाळाच्या रक्ताचा थेंब तिनं नखाएवढ्या चिपवर घेतला, चिप तपासणीच्या छोट्या डबीत सरकवली. थोड्या वेळानं डबीच्या काचेवर उमटलं – ए-एस.

"सिकलसेलचा आजार नाही," ती म्हणाली. "पण बाळ वाहक आहे. मोठेपणी जोडीदार वाहक नको, नाहीतर मुलांना आजार होऊ शकतो."

"हे आलं कुठून?"

"आईकडून... किंवा वडलांकडून."

म्हणजे कदाचित मामाकडेही असेल! देलेचं हसू मावळलं. निकेनं चिप काढून टाकली. ती स्वतः ए-एस होती. पण ओळख ना पाळख, या पाववाल्याचं आपल्याला एवढं का लागावं?

दुसऱ्या दिवशी देले गरम पाव घेऊन आला. मग रोजच येऊ लागला.

"डबी ठीक आहे ना?"

"डबी मजेत आहे."

"आणि डबीवाली?"

"तिला कपडे घट्ट व्हायला लागलेत!"

सगळं बोलून व्हायचं, फक्त रक्ताचा जीनोटाइप, ए-ए की ए-एस, कुणी विचारायचा नाही. नायजेरियातल्या या इबादान शहरात मुलीला तो विचारणं म्हणजे लग्नाचंच विचारणं. आणि दोघंही ए-एस निघाले की संपलंच... पावासकट. रांगेतल्या बायकासुद्धा डोळ्यांनीच हसायच्या, तोंडानं उन्हातान्हाचं बोलायच्या.

हल्ली देलेच्या बोटांना पट्ट्या दिसत.

"भट्टीत हात घालता की काय?"

"तसंच... काहीतरी."

मग एका सकाळी तो बाळाशिवायच रांगेत बसला. नंबर आल्यावर त्यानं हात पुढे केला.

"जिथे दवाखाना दिसला तिथे टोचून घेतलं. सगळीकडे एकच उत्तर. पण मला ते तुमच्या डबीकडून ऐकायचंय."

निकेनं सुई उलटीच धरली. थोरल्या नर्सनं, आंटी तोलानं, सुई काढूनच घेतली. "आण इकडे! बोट सोडून भलतीकडेच टोचशील."

सगळी रांग पुढे वाकली. काचेवर अक्षरं उमटली – ए-ए.

"वाहकही नाही!" आंटी तोलानं सुटकेचा सुस्कारा टाकला. देले मात्र काचेकडे पाहतच नव्हता.

"आता तुमचा सांगा... काहीही असला तरी."

निकेनं हातमोजे काढले. सावकाश.

"ए-एस," ती म्हणाली. "आणि हे बघ, मागणी घालायला येशील तेव्हा पाव आणू नकोस. रिवाजाप्रमाणे यामचे कंद आण... मोठे बघून. आई माझी मोजून घेते."