वॉच, सी आणि मास्तर

दार ढकलून मास्तर दुकानात शिरले आणि थेट खुर्चीला अडखळले. हातात चष्म्याचे दोन तुकडे.

"कुणी आहे का? मला काही दिसत नाही हो..."

"बरं झालं," मी म्हणाले.

ते थबकले. आवाज ओळखला होता. "तुम्हीच आहात?"

"मावशीच्या दुकानात चष्म्याचा नंबर मीच तपासते. बसा."

नंबर तपासायची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, जरा जोरातच.

"तुम्ही... वर्गाला का येत नाही?"

झालं! राग पुन्हा उफाळला. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात यांनी मला उभं केलं, वॉच या शब्दाचं वाक्य करा म्हणाले. मास्तर रोज दुकानावरून जातात, काचेतून मला दिसतात, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हणाले, "आय वॉच यू एव्हरी डे." तर हे हसत म्हणतात, "सी म्हणजे दिसणं, लुक म्हणजे बघणं आणि वॉच म्हणजे टक लावून बघत राहणं. रोज एवढं काय बघता हो?" अख्खा वर्ग खिदळला. मी पिशवी उचलली ती तडक घरी आले.

भिंग बदलत मी विचारलं, "पहिलं बरं, की हे?"

"दोन्ही सारखीच वाटतात."

"सारखी कशी असतील? नीट बघा."

"रागावलात?"

"नाही, आनंदानं नाचतेय! चूक झाली तर सुधारायची, मास्तर. चारचौघांत हसं करायचं? तुम्हाला आत्ता समोरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचता आलं नाही. मी हसले?"

आतून मावशी ओरडली, "गिऱ्हाइकाशी भांडू नको गं!"

"गिऱ्हाईक नाही, मास्तर आहेत."

"मग भांड."

मास्तर हळूच म्हणाले, "घाबरलो म्हणून हसलो. माझं घर दुसऱ्या टोकाला आहे. या रस्त्यानं यायचं मला काही कारण नाही... तुमच्याशिवाय. वाटलं, तुम्ही सगळ्यांसमोर मला पकडलंत."

माझा हात भिंगावरच राहिला. चष्म्याविना त्यांचे डोळे किती भाबडे दिसत होते! पण राग? तो उलट वाढला.

"म्हणजे टक लावून बघायचं तुम्ही, आणि मान खाली घालायची मी?"

"माफ करा."

"इथे नको. जिथे हसलात, तिथे."

संध्याकाळी नवा चष्मा लावून ते वर्गासमोर उभे राहिले. कान लाल झाले होते. माझ्याकडे हात करून म्हणाले, "त्या दिवशी यांचा शब्द चुकला, पण माझं वागणं चुकलं. मी हसायला नको होतं." मी मागच्या बाकावरून उठून पहिल्या बाकावर जाऊन बसले.

वर्ग सुटल्यावर ते जिन्यात उभे होते.

"आता तरी राग गेला?"

"मुळीच नाही! इतके दिवस नुसते दुकानापुढून गेलात. दाराला कडी घातली होती का आम्ही?"

"आत येऊन... काय सांगितलं असतं?"

"आज दुकानात सांगितलंत तेच. आता उद्या या आणि मावशीला सांगा. पण जपून हं... ती माझ्यासारखी शांत नाही."